तलाव हिरवा का होतो, आणि दोष वस्तीला का?

उन्हाळा वाढू लागला की शहरातल्या तलावांचे पाणी हिरवे होते. काठाला दाट साय धरते, वास सुटतो, सकाळी मासे उताणे तरंगताना दिसतात. मग वर्तमानपत्रात फोटो येतो. महापालिकेची बोट येते, दोन-चार दिवस वरचा थर काढला जातो, कुठे औषध मारले जाते. त्याच आठवड्यात कुणीतरी म्हणतेच, काठावरच्या झोपडपट्टीमुळे तलाव नासला. आमचे म्हणणे असे की हे निदान चुकीचे आहे. निदान चुकले की उपचारही चुकतो, आणि चुकीच्या उपचाराने रोगी दगावतो, हे वॉर्डात काम केलेल्या कुणालाही माहीत असते.

तलावाची गोष्ट आरोग्याच्या पानावर कशाला, असे कुणाला वाटेल. कारण सरळ आहे. तलावाच्या काठाला बहुतेक वेळा आपलीच वस्ती असते. नळाला पाणी आले नाही की कपडे, भांडी, शेळ्या-म्हशी, पोरांचे पोहणे सगळे तिथेच. जवळच्या विहिरीला आणि बोअरला पाझरही त्याच पाण्याचा. पाणी बिघडले की पहिला त्रास आपल्याला, आणि अतिक्रमण म्हणून पहिली नोटीसही आपल्यालाच. म्हणून तलाव हिरवा का होतो, हे आपल्या घराघरात माहीत असले पाहिजे.

शेवाळाचे खाद्य

शेवाळ म्हणजे घाण नव्हे. ते पाण्यातले गवत आहे. थोडे शेवाळ प्रत्येक जिवंत तलावात असते आणि असायलाच हवे, कारण पाण्यातल्या सगळ्या जिवांचे जेवण तिथून सुरू होते. प्रश्न येतो तो शेवाळ माजल्यावर. माजायला त्याला ऊन लागते, ऊब लागते आणि खत लागते. शेतात आपण जे नत्र आणि स्फुरद घालतो, तेच खत.

यात सगळ्यात महत्त्वाचे काय, ते असे समजून घ्या. घरात पीठ पाच किलो आहे, पाणी भरपूर आहे, पण सिलिंडरमध्ये गॅस दोन भाकरींपुरताच उरला आहे. भाकरी किती होतील? दोनच. जी वस्तू कमी, ती शेवटचा आकडा ठरवते. बहुतेक तलावांत ही कमी असलेली वस्तू म्हणजे स्फुरद. ते बाहेरून येत नाही तोवर शेवाळ आटोक्यात राहते. ते येऊ लागले की शेवाळाला आवर राहत नाही. एक किलो स्फुरदावर सुमारे पाचशे किलो ओले शेवाळ वाढू शकते, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे.

याचा डोळ्यांनी दिसणारा पुरावा कॅनडात मिळाला. ओंटारिओ प्रांतात १९६८ पासून काही लहान तलाव केवळ प्रयोगासाठी राखून ठेवले आहेत. १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यांतल्या २२६ क्रमांकाच्या तलावात मधोमध पडदा टाकून दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नत्र घातले. दुसऱ्यात कार्बन, नत्र आणि वर स्फुरद घातले. स्फुरदाचा भाग हिरवागार झाला. दुसरा निळाच राहिला. विमानातून काढलेला तो फोटो जगभर गेला, आणि कपडे धुण्याच्या पावडरमधून स्फुरद काढा या मागणीला त्याने बळ दिले.

आता आपल्या तलावात स्फुरद येते कुठून? मुख्यतः मैलापाण्यातून. एका माणसाच्या मलमूत्रातून दिवसाला सुमारे एक ग्रॅम स्फुरद बाहेर पडते. म्हणजे हजार माणसांचे रोज एक किलो. त्यात धुण्याची पावडर, हॉटेलांचे पाणी, निर्माल्य आणि शेतातून वाहून येणारे खत मिळवा. काठावरच्या शंभर घरांत चार-पाचशे माणसे राहतात. पण तलावाला मिळणाऱ्या नाल्यावर वर जा आणि मोजा, किती इमारती त्या नाल्याला जोडल्या आहेत. त्या इमारतींचा मैला पाइपातून जातो, म्हणून दिसत नाही. आपली बाई काठावर कपडे धुते, ती दिसते. दोष दिसणाऱ्यावर टाकायचा आणि न दिसणाऱ्याला मोकळे सोडायचे, ही पद्धत आपल्याला नवी नाही.

वस्तीचे पाणीही तलावात जाते, हे आम्ही लपवत नाही. पण ज्या वस्तीला ड्रेनेजची लाइनच टाकून दिली नाही, तिने पाणी न्यावे कुठे? लाइन टाकणे हे महापालिकेचे काम आहे. न झालेल्या कामाचा दंड नागरिकाने का भरावा?

सिएटलच्या तलावाची गोष्ट

अमेरिकेतल्या सिएटल शहराला लागून वॉशिंग्टन नावाचा मोठा तलाव आहे. भोवतालच्या गावांचे सांडपाणी १९४० नंतरच्या काळात त्यात येऊ लागले. लक्षात घ्या, हे कच्चे मैलापाणी नव्हते. ते प्रक्रिया केंद्रातून शुद्ध करून सोडलेले पाणी होते. वास कमी, घाण कमी, पण स्फुरद मात्र बरेचसे तसेच. १९५५ मध्ये त्या तलावात नीलहरित शेवाळाची एक जात वाढलेली दिसली. तिथल्या विद्यापीठातले प्राध्यापक एडमंडसन यांनी धोका ओळखला आणि लोकांना आकड्यांसह सांगितले, की स्फुरद थांबवले नाही तर तलाव जाईल, आणि थांबवले तर तो परत येईल.

लोकांनी मतदान केले. १९५८ मध्ये पहिल्या वेळी ठराव पडला, त्याच वर्षी दुसऱ्या वेळी मंजूर झाला. कर्ज काढून मोठ्या वाहिन्या टाकल्या आणि १९६३ ते १९६८ या काळात सगळे सांडपाणी तलावातून बाहेर काढले. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला त्या पाण्यात उन्हाळ्यात जेमतेम एक मीटर खोलीपर्यंतचे दिसत होते. पुढच्या काही वर्षांत ते तीन मीटरपर्यंत गेले.

आणि १९७६ मध्ये आणखी एक गोष्ट घडली. नवे सांडपाणी थांबवायचे राहिले नव्हते, तरी पाणी एकाएकी आणखी स्वच्छ झाले. सहा-सात मीटर खोलीवरचे दिसू लागले. हे कुणी केले? एका मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या जिवाने.

पाण्यात चरणारे जीव

त्या जिवाला पाण्यातली पिसू म्हणतात. शास्त्रातले नाव डॅफ्निया. आपली चावरी पिसू नव्हे ही. तलावाचे पाणी काचेच्या बाटलीत घेऊन उजेडात धरले तर टुणटुण उड्या मारणारे पांढुरके ठिपके दिसतात, त्यांत ही असते. अशा तरंगत्या बारीक जिवांना मिळून प्राणिप्लवक म्हणतात. कुरणात शेळ्या चराव्यात तसे हे जीव शेवाळ चरतात. डॅफ्निया दिवसभर पाणी गाळत असते आणि गाळणीत आलेले शेवाळ खात असते. अशा जिवांची संख्या वाढली की अख्ख्या तलावाचे पाणी गाळून निघते.

वॉशिंग्टन तलावात ही पिसू आधी का वाढत नव्हती? दोन कारणे सापडली. तिला खाणारी कोळंबीसारखी एक बारीक जात तिथे होती, ती पुढे कमी झाली. आणि नीलहरित शेवाळाचे लांब धागे तिच्या गाळणीत अडकत होते. सांडपाणी बंद झाल्यावर ते धागे हळूहळू संपले, तेव्हा पिसूला मोकळे जेवता आले.

यातून क्रम लक्षात ठेवा. आधी खत बंद झाले, मग चरणारे जीव कामाला लागले. उलटे होत नाही. शेळ्या कितीही आणा, रोज ट्रक भरून खत टाकले तर कुरण वाढतच राहणार. शिवाय हे जीव खाल्लेले स्फुरद मलमूत्रातून पाण्यात परतही सोडतात. म्हणून नाला तसाच ठेवून तलावात अमुक जीव सोडा, तमुक जिवाणूंची पावडर टाका, असे सांगणाऱ्या ठेकेदाराला पहिला प्रश्न हाच विचारावा: नाला कधी बंद करणार?

पण चरणाऱ्या जिवांना मारायचे तरी नाही, एवढे आपण करू शकतो. त्यांना मारतात कोण? एक, कीटकनाशके. दोन, बारीक मासे. मोठ्या आकाराचे प्राणिप्लवक जास्त शेवाळ खातात, आणि माशांना नेमके तेच आधी दिसतात. डासांच्या अळ्या खाण्यासाठी गप्पी आणि गंबुसिया मासे सोडतात, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. हौदात, पाण्याच्या टाक्यांत, साचलेल्या डबक्यात ते योग्यच आहे, डेंग्यू-मलेरिया टळतो. पण तलावात तेच मासे चरणारे जीवही खाऊन टाकतात. १९७२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गंबुसिया सोडलेल्या तळ्यांतले प्राणिप्लवक जवळपास नाहीसे झाले आणि पाणी हिरवे झाले. बिनमाशांच्या तळ्यांत तसे झाले नाही.

आपल्याकडची हवा उष्ण. मासे वर्षभर वितात, त्यामुळे बारीक पिलांची भूक बाराही महिने असते, आणि आपल्या तलावांतले चरणारे जीव मुळात लहान चणीचे. म्हणून थंड देशांइतका गुण त्यांच्याकडून इथे येत नाही. याचा अर्थ एवढाच, की आपल्याकडे नाला बंद करण्याला पर्याय आणखीच कमी आहे.

आणखी एक सांगून ठेवतो. चरणारे सगळेच जीव माणसाचे मित्र नाहीत. आपल्या आज्यांच्या पायातून निघणारा नारू आठवतो का? तो पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या अशाच एका प्राणिप्लवकातून पोटात जात असे. पाणी कापडातून गाळून प्या, हा साधा उपाय गावोगाव पोचला, सोबत हातपंप आले, आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. पटकीचे जंतूही अशा जिवांच्या अंगाला चिकटून राहतात. बांगलादेशात जुनी साडी घडी घालून तिच्यातून पाणी गाळायला शिकवले, तेव्हा पटकीचे रोगी सुमारे निम्म्याने कमी झाले. २००३ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. कापडाची सवय सोडू नका. पण पुढे सांगतो त्या विषाला कापड थांबवत नाही.

हिरव्या पाण्यातले विष

सगळे शेवाळ विषारी नसते. नीलहरित शेवाळाच्या काही जाती मात्र विष तयार करतात. त्यातले एक, मायक्रोसिस्टिन, सरळ यकृतावर जाते. पिण्याच्या पाण्यात त्याच्या मुख्य प्रकाराची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने एका लिटरला एक मायक्रोग्रॅम ठेवली आहे, म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

तीन ठिकाणच्या घटना सांगतो. त्या आपल्या घरात बोलल्या गेल्या पाहिजेत.

पहिली ऑस्ट्रेलियातली. पाम बेटावर सरकारने तिथल्या मूळनिवासी लोकांना ठिकठिकाणांहून उचलून आणून ठेवले होते. १९७९ मध्ये त्यांच्या पिण्याच्या धरणात शेवाळ माजले. तक्रारी आल्या म्हणून धरणात मोरचूद टाकले. शेवाळ मेले, फुटले, आणि त्याच्या पोटातले विष एकदम पाण्यात उतरले. काही दिवसांत १४८ जण आजारी पडले. त्यांतली १३८ मुले होती. यकृत सुजले, उलट्या, रक्ताचे जुलाब. सुरुवातीला कारणच कळेना, म्हणून लोक त्याला गूढ आजार म्हणत. गूढ काही नव्हते. वरवरचा उपचार घाईने केला होता, आणि ते पाणी पिणाऱ्यांना कुणी काही सांगितले नव्हते.

दुसरी ब्राझीलमधली. १९९६ च्या फेब्रुवारीत कारुआरू शहरात दुष्काळ होता. तिथल्या एका डायलिसिस केंद्राला टँकरने पाणी येत होते, आणि ते पूर्ण शुद्ध केलेले नव्हते. डायलिसिसमध्ये पाणी रक्ताच्या अगदी शेजारून जाते. १३१ रुग्णांपैकी ११६ जणांना त्रास झाला, शंभर जणांचे यकृत निकामी झाले. त्या विषामुळे ५२ रुग्ण दगावले. टँकर, दुष्काळ, गरिबांचे केंद्र, हे शब्द आपल्याला परके नाहीत.

तिसरी अमेरिकेतल्या टोलेडो शहरातली. २०१४ च्या ऑगस्टमध्ये नळाच्या पाण्यात हे विष सापडले. चार लाखांहून जास्त लोकांना सांगण्यात आले, नळाचे पाणी पिऊ नका आणि उकळूही नका. दोन-तीन दिवसांनी बंदी उठली. तिथे तपासणी झाली, लोकांना त्याच दिवशी कळवले गेले, आणि म्हणून माणसे वाचली. श्रीमंत देश आणि गरीब देश यांत फरक शेवाळाचा नव्हता. फरक कळवण्याचा होता.

उकळण्याबद्दल नीट ऐका. पाणी उकळून प्या हा सल्ला जंतूंसाठी योग्य आहे आणि राहील. पण हे विष उकळून मरत नाही. उलट उकळल्याने शेवाळाच्या पेशी फुटतात आणि पाणी आटून विष दाट होते. हिरवे पाणी उकळून सुरक्षित होत नाही.

घरात आणि वस्तीत काय करावे

ओळखायचे कसे? लांब काठीने थर उचलून पाहा. केसांसारखे धागे लोंबले तर ते साधे शेवाळ असण्याची शक्यता जास्त. काठीला ऑइल पेंट लागल्यासारखा लेप बसला तर सावध व्हा. दुसरी परीक्षा: हातमोजा किंवा प्लॅस्टिकची पिशवी हाताला घालून काचेची बाटली तीन भाग भरा आणि रात्रभर हलवू नका. सकाळी हिरवे खाली बसले तर बरे. वर तरंगून कडे धरले तर नीलहरित शेवाळाचा संशय घ्या. या परीक्षा प्रयोगशाळेची जागा घेत नाहीत, पण तक्रार करायला पुरेशा आहेत.

पाणी पेंटासारखे हिरवे असेल तोवर ते पिण्याला, स्वयंपाकाला, बाळाच्या अंघोळीला वापरू नका. मुलांना पोहू देऊ नका. शेळ्या, गाई, कुत्री दूर ठेवा. जनावरे अशा पाण्याने मरतात. तरंगणारे मेलेले मासे घरी आणू नका. जिवंत धरलेला मासा असेल तर आतडी आणि काळीज काढून टाका आणि स्वच्छ पाण्याने धुवा. अंगाला पाणी लागले तर चांगल्या पाण्याने धुऊन घ्या. अंगाला खाज, पुरळ, डोळ्यांची आग, उलट्या, जुलाब झाले तर दवाखान्यात जा आणि तलावाचे हिरवे पाणी लागले, हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. तो प्रश्न सहसा विचारला जात नाही. घरात कुणी डायलिसिसवर असेल तर केंद्रात विचारा, पाणी कुठून येते आणि त्याची तपासणी कधी झाली.

तरुणांसाठी एक काम आहे, खर्च जवळजवळ नाही. स्टीलची एक पांढरी रंगवलेली थाळी घ्या, मध्यभागी दोरी बांधा, खाली वजन लावा, दोरीला दर दहा सेंटिमीटरला गाठ मारा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी घाटाच्या किंवा पुलाच्या खोल जागेवरून ती सोडा आणि कितव्या गाठीला थाळी दिसेनाशी होते ते वहीत लिहा. एकट्याने पाण्यात उतरू नका. एडमंडसन यांनीही अशाच तबकडीने पाणी मोजले होते. वर्षभराची वही विहारात ठेवा. तलाव सुधारला की बिघडला, हे मग कुणाच्या भाषणावर अवलंबून राहणार नाही.

आमच्या मागण्या

सुशोभीकरणाच्या नावाने कारंजे, रंगीत दिवे, चालायचा ट्रॅक आणि कुंपण येते. कारंज्याने स्फुरद कमी होत नाही. कुंपणाने तर नाहीच. त्याने फक्त आपण दिसेनासे होतो. म्हणून सुशोभीकरणाच्या प्रत्येक प्रस्तावावर वस्तीने हे मागावे.

तलावाला मिळणारा प्रत्येक नाला आधी अडवावा, बाकी खर्च नंतर. अडवलेले पाणी खालच्या दुसऱ्या वस्तीच्या दारात सोडू नये. प्रक्रिया केंद्र असेल तर बाहेर पडणाऱ्या पाण्यात स्फुरद किती उरते, तो आकडा द्यावा. नुसते शुद्ध केले म्हणणे पुरेसे नाही. लोक वापरतात त्या पाण्यात मोरचूद किंवा कसलेही औषध टाकण्यापूर्वी काठावर सूचना लावावी आणि तेवढ्या दिवसांचे दुसरे पाणी द्यावे. कोणते मासे सोडले, किती सोडले, हे मासेमारी संस्थेशी बोलून ठरवावे, तिचे पोट मारून नव्हे. वस्तीला ड्रेनेज लाइन द्यावी. आणि पाण्याच्या तपासणीचा निकाल मराठीत, मोठ्या अक्षरांत, तलावावरच्या फलकावर लावावा. निकाल मिळत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचे काम आहे, दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर तेही लागत नाहीत.

मुंबईचा पवई तलाव १८९१ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी बांधला होता. आज त्याचे पाणी पिता येत नाही. तलाव असा एका उन्हाळ्यात जात नाही. वर्षानुवर्षे नाला येत राहतो आणि दरवर्षी फक्त वरचा थर काढला जातो, तेव्हा जातो. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क मागितला गेला. जे पाणी ओंजळीत घेता येत नाही, त्याच्यावरचा हक्क कागदावरच राहतो. तेव्हा पुढच्या वेळी वॉर्ड ऑफिसात कुणी म्हणाले, की तुमच्या वस्तीने तलाव नासवला, तर वाद घालू नका. त्यांना घेऊन नाल्याच्या काठाने वर चालत जा आणि पाइप मोजायला लावा.